किबे किती आणि कुठले? : आडनावांच्या टिपणांविषयी थोडे परखड

स्थानिक इतिहासाच्या हौशी मंडळींमध्ये सध्या सर्वांत जास्त लिहिला आणि वाचला जाणारा प्रकार कोणता, असे कुणी विचारले तर मी आडनावांवरची टिपणे असेच उत्तर देईन. त्यांचा साचा आता पक्का झाला आहे. आधी आडनावाचा अर्थ, मग मूळ गाव, मग मूळ पुरुष, त्याने केलेला एखादा पराक्रम, आणि शेवटी 'हे आडनाव अत्यंत दुर्मीळ असून जगात फक्त इतक्याच लोकांचे आहे' असा आकडा. वाचायला दोन मिनिटे लागतात आणि पुढे पाठवायला दोन सेकंद. घरच्यांना बरे वाटते. मलाही एकदोनदा बरे वाटलेले आहे, ते नाकारत नाही. पण इतिहासाचा कागद म्हणून ही टिपणे तपासायला घेतली की चारही पाय लटपटतात. हे मोघम बोलण्यापेक्षा एकच आडनाव घेऊन बघू या. मी घेतो ते इंदूरचे : किबे.

किबेच का? एक तर ते खरोखर विरळ आहे. पुण्यामुंबईकडच्या माणसाला सांगितले तर 'काय म्हणालात?' असे पुन्हा विचारतो. दुसरे म्हणजे विरळ असूनही ह्या नावाची माणसे कागदोपत्री नीट सापडतात, आणि तीही साधीसुधी नव्हेत. तिसरे कारण असे, की आडनावाच्या टिपणांत होऊ शकतात त्या जवळजवळ सगळ्या चुकांना ह्या एका नावात जागा आहे.

आधी शब्दच बघा. मराठी आडनावांतली पुष्कळशी स्वतःच आपली ओळख सांगतात. होळकर म्हटले की होळ गाव आले. देशपांडे, कुलकर्णी, चिटणीस, फडणीस म्हटले की वतन किंवा हुद्दा आला. सोनार, सुतार म्हटले की धंदा आला. किबे त्यांतले नाही. लेले, नेने, रेगे, बर्वे ह्यांच्यासारखे दोन अक्षरी, एकारान्त, तोंड मिटून बसलेले नाव. चालते मात्र अस्सल मराठी वळणाने : किब्यांचा वाडा, किब्यांकडे, किब्यांची सून; जसे गोखल्यांचा, बर्व्यांकडे. म्हणजे मराठीच्या व्याकरणात ते मुरलेले आहे एवढे त्या शब्दावरून कळते. ह्यापुढे शब्द काही बोलत नाही, आणि खरी पंचाईत इथेच सुरू होते, कारण टिपण लिहिणाऱ्याला अर्थाचा रकाना रिकामा ठेवणे जमत नाही.

हा रकाना भरणे किती सोपे आहे ते दाखवतो. आत्ता इथे बसल्या बसल्या मी एक व्युत्पत्ती तयार करतो. किबे हे घराणे सधन, पैशाच्या व्यवहारात मुरलेले. तेव्हा मूळ शब्द 'कुबेर'. कुबेरचे कुबे, कुबेचे किबे. झाले! ऐकायला छान, घराण्याला शोभणारे, आणि खोटे ठरवायला कुणी बसलेले नाही. पण कुबेर हे आडनाव मराठीत स्वतंत्रपणे धडधाकट चालू आहे. त्यातला 'र' कुणाच्या तोंडी गळालेला नाही. आणि 'उ'चा 'इ' कुठल्या नियमाने झाला, त्याच नियमाने झालेले आणखी चार शब्द दाखवा म्हटले की सगळा डोलारा खाली येतो. 'शोभते' हा व्युत्पत्तीचा पुरावा होत नाही. माझी ही बनावट व्युत्पत्ती उद्या कुणी खरी म्हणून पुढे पाठवू नये, एवढी हात जोडून विनंती.

वडोदऱ्याकडच्या वाचकांना गायकवाडांची गोष्ट पाठ असेल. पूर्वजाने कसायाच्या तावडीतून गाई सोडवल्या, किल्ल्याच्या कवाडातून आत घेतल्या, म्हणून गाय अधिक कवाड. गोष्ट सुंदर आहे आणि ती राजघराण्यात सांगितली जाई हा स्वतःच एक ऐतिहासिक पुरावा आहे, पण कशाचा? घराण्याला आपली आठवण कशी राहावी असे वाटत होते, त्याचा. शब्दाचा इतिहास म्हणून ती टिकत नाही, कारण गायकवाड हे आडनाव एकाच घराण्याचे किंवा एकाच जातीचे नाही. १९३०च्या काळाराम मंदिर सत्याग्रहातले दादासाहेब गायकवाड हेही गायकवाडच. त्यांच्या पूर्वजांसाठी तेच कवाड उघडले होते असे कुणी म्हणत नाही. एका घराची गोष्ट सगळ्या आडनावाला लावली की उरलेली सगळी माणसे त्या गोष्टीच्या बाहेर पडतात, आणि हे टिपण लिहिणाऱ्याच्या बहुधा लक्षातही येत नाही.

इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनाही हा मोह आवरला नाही, हे सांगितले पाहिजे. आडनावांची मुळे त्यांनी थेट संस्कृतात, जुन्या गोत्रनामांत शोधली. त्यांचा नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोश चाळताना बुद्धीचा वेग बघून माणूस थक्क होतो, आणि पुष्कळ ठिकाणी मान हलवतो. फरक एवढाच, की राजवाडे पायऱ्या मांडत. कुठला ध्वनी कुठे गेला ते दाखवत. त्यामुळे त्यांच्याशी भांडता येते. आजच्या टिपणाशी भांडायचे तर धरायचे कुठे? तिथे पायरीच नसते, थेट गच्ची असते.

आता माणसांकडे येऊ. किब्यांच्या इतिहासातला सर्वांत मोठा माणूस कोण? सर्वसाधारण वाचक सरदार माधवराव विनायक किबे ह्यांचे नाव घेईल, आणि त्यात चूक नाही. १८७७ साली जन्मलेले, होळकर संस्थानात मोठ्या हुद्द्यांवर राहिलेले, १९२६ साली मुंबईला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. संमेलनाध्यक्षांच्या यादीत इंदूरचे नाव त्यांच्यामुळे कायमचे लागले. त्यांच्या पत्नी कमलाबाई किबे ह्याही लिहिणाऱ्या. पण त्यांच्या शंभर वर्षे आधी ह्याच घराण्यातला एक माणूस होळकरशाहीच्या सर्वांत बिकट क्षणी उभा होता, आणि त्याला किबे म्हणून कुणी ओळखत नाही. तो म्हणजे तात्या जोग.

महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ची. होळकरांचा पराभव झाला. त्याच्या आदल्याच दिवशी तुळसाबाईंना क्षिप्रेच्या काठी त्यांच्याच फौजेतल्या लोकांनी मारले होते. गादीवर मल्हारराव दुसरे की तिसरे ह्यावर लोक अजून वाद घालतात, पण मूल अकरा-बारा वर्षांचे होते हे नक्की. लढाईनंतर सोळा दिवसांनी, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. कंपनीतर्फे सर जॉन माल्कम आणि होळकरांतर्फे तात्या जोग. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजपुतान्यातल्या संस्थानांवरचे हक्क गेले; राहिले ते राज्य घेऊन ह्या माणसाने कारभार पुन्हा उभा केला. राजधानी इंदुरात आली ती त्याच वर्षी. १८२६ साली तात्या वारले तोपर्यंत संस्थानाचा गाडा तेच हाकत होते. आज आपण ज्याला इंदूर शहर म्हणतो त्याचे राजधानीपण ह्या माणसाच्या कारभारातून आलेले आहे.

ह्या तात्या जोगांचे नाव विठ्ठल महादेव किबे.

आता आडनाव-टिपणाची पद्धत इथे लावून बघा. किबे हे नाव शोधत कुणी १८१८चे कागद चाळले तर तहावर किबे सापडणार नाहीत. इंग्रजी पुस्तकांत 'तांतिया जोग' आहे, तेही कुठे एका स्पेलिंगने, कुठे दुसऱ्या. म्हणजे किब्यांच्या टिपणातून किब्यांचा सर्वांत मोठा माणूस गळतो. उलट बाजू त्याहून गमतीची. जोग हे स्वतंत्र, चांगले नांदते आडनाव आहे. समीक्षक रा. श्री. जोग आणि व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग दोघेही सर्वांना ठाऊक. जोगांवर टिपण लिहिणारा हौशी माणूस मंदसौरच्या तहापाशी पोचला की साहजिकच म्हणणार, 'हे आमचेच!' त्याला दोष तरी कसा द्यावा? छापील इंग्रजी मजकूर त्याच्या बाजूने आहे. आणि व्युत्पत्तीची हौस असेल तर सराफीतली 'शाहजोग हुंडी' आहेच. जोग म्हणजे हुंडीवाले, असे म्हणायला किती वेळ लागतो? (हीही माझी बनावट आहे. कृपया पुढे पाठवू नये.)

हा एकट्या किब्यांचा अपवाद असता तर मी एवढे लिहिले नसते. मराठेशाहीत हेच सर्रास आहे. विठ्ठल शिवदेव विंचूरकर मूळचे दाणी. सासवडचे पुरंदरे मूळचे अत्रे. रास्ते मूळचे गोखले. नाना फडणीस भानू. पेशवे भट. आपण ज्याला आडनाव म्हणतो ते त्या काळी माणसाच्या नावाचे सर्वांत सैल टोक होते. कामगिरी बदलली, गाव बदलले, कुणी इनाम दिले की ते टोक बदलत असे. घट्ट होते ते स्वतःचे आणि वडिलांचे नाव. नाना फडणिसांच्या पत्रांत 'बाळाजी जनार्दन' आहे; भानू शोधणाऱ्याला वर्षभर काही मिळणार नाही. तात्या जोगांसाठीही 'विठ्ठल महादेव' असेच शोधावे लागते. मोडी वाचणाऱ्यांना हे सांगायला नको; पण टिपणे लिहिणाऱ्यांतले फार थोडे मोडी वाचतात, आणि जे वाचतात ते सहसा टिपणे लिहीत नाहीत. शिवाय मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत. तेव्हा मूळ उच्चार किबे की कीबे ह्यावर मोडी कागदाचा दाखला देऊन भांडणाऱ्यांनी ते भांडण मिटवलेले बरे. पुढे शाळेचे दाखले, पगाराची पुस्तके, सरकारी अर्ज आले आणि आडनावाचे सैल टोक एकदम खिळ्याने ठोकले गेले. ज्याचे जे त्या क्षणी चालू होते ते कायमचे झाले.

आता आकड्यांकडे. 'हे आडनाव जगात फक्त इतक्या लोकांचे' हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकते, कारण ते आकड्याच्या वेषात येते आणि आकड्याशी कुणी भांडत नाही. भारताच्या जनगणनेत नाव लिहून घेतात, पण आडनावांचे कोष्टक प्रसिद्ध होत नाही. भाषांचे होते : २०११ साली मराठी मातृभाषा सांगणारे देशभर ८ कोटी ३० लाख, त्यांत मध्य प्रदेशात सुमारे १२ लाख. ह्या १२ लाखांत किबे किती, हे सांगणारा सरकारी तक्ता नाही. मग आडनावे मोजणारी संकेतस्थळे आकडा आणतात कुठून? हाती लागतील त्या याद्या गोळा करायच्या आणि लोकसंख्येच्या प्रमाणात फुगवायच्या. जोशी, पाटील अशा नावांना ह्याने थोडेफार चालून जाते. दुर्मीळ नावाला अजिबात चालत नाही. यादीत चार घरे जास्त आली की आकडा दुप्पट, चार सुटली की नाव नामशेष.

त्याहून मोठा घोळ लिपीचा. ही मोजणी होते रोमन अक्षरांत, आणि रोमन अक्षरांत किबे हे आपले एकट्याचे नाव राहतच नाही. केनियातल्या किकुयू लोकांत अगदी ह्याच स्पेलिंगचे नाव पुरुषांना ठेवतात. तिथे शेवटचे नाव हे पुष्कळदा बापाचे नाव असते, आपल्या अर्थाने आडनाव नव्हेच. आणि थोरल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवायची रीत असल्यामुळे तेच नाव एक पिढी आड फिरत राहते. (आजोबांचे नाव नातवाला, ही रीत ओळखीची वाटली ना? माणसे कुठलीही असोत.) जपानातही किबे आहेत. ब्राझीलमध्ये तर किबे हा खायचा पदार्थ आहे, सिरिया-लेबनॉनकडून गेलेल्या लोकांनी नेलेला, मांस आणि दलियाचा तळलेला गोळा. संकेतस्थळ हे सगळे एका टोपलीत टाकते आणि जगाचा नकाशा रंगवून देते. मग आपले टिपणकार लिहितात, 'हे आडनाव मुख्यतः आफ्रिकेत आढळते, यावरून प्राचीन काळी व्यापारानिमित्त…' आणि पुढचे मी वाचत नाही.

ह्यावर कुणी म्हणेल, जगाच्या नकाशाचे सोडा, गोव्यात जुना किबे सापडला तर? सापडतोच की, आणि चारशे वर्षांपूर्वीचा. पेद्रो कासुई किबे. १५८७ साली जपानच्या क्यूशू बेटावर कुनिसाकीत जन्मलेला, १६१४ साली ख्रिस्ती धर्मप्रसारकांना हाकलले तेव्हा देश सोडावा लागलेला. मकाववरून तो गोव्याला आला, गोव्याहून पश्चिमेला निघाला, इराण-इराकच्या वाटेने जेरुसलेमला पोचला आणि तिथून रोमला. १६२० साली रोममध्ये त्याला पाद्री म्हणून दीक्षा मिळाली आणि तो जेझुइटांत दाखल झाला. परतीच्या वाटेवर पुन्हा गोवा. १६३० साली लपतछपत जपानात शिरला, १६३९ साली पकडून त्याला हालहाल करून मारले. २००८ साली चर्चने त्याला धन्य म्हणून घोषित केले. विलक्षण माणूस, त्याच्यावर गोव्याच्या मंडळींनी स्वतंत्र लेख लिहावा असे मला मनापासून वाटते. पण त्याचे किबे हे त्याच्या मुलखातल्या गावाचे नाव, जपानी चित्रलिपीत लिहिले जाणारे. त्याचा इंदूरच्या किब्यांशी संबंध शून्य. 'गोव्याच्या कागदांत १७व्या शतकात किबे' ही ओळ खरी आहे आणि तिच्यावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष खोटा ठरेल. आडनावाच्या टिपणांतला खरा धोका अशा खऱ्या ओळींचाच असतो.

किबे एकटे नाहीत. दात्यांचे रोमन स्पेलिंग आणि जपानच्या दाते सरदार घराण्याचे स्पेलिंग एकच. भारतरत्न पां. वा. काणे ह्यांचे आडनाव रोमनमध्ये आयरिश होते. गोरे तर अमेरिकेच्या उपाध्यक्षपदापर्यंत जाऊन आले! उलट एकाच नावाचे रोमनमध्ये चार तुकडेही होतात : शिंदे पुण्यात एक स्पेलिंग लिहितात आणि ग्वाल्हेरचे शिंदे दुसरे, म्हणून मोजणीत ती दोन वेगळी आडनावे. म्हणजे विरळ नाव फुगते आणि मोठे नाव फुटते.

मग मोजायचे कसे? मध्य प्रदेशात एक सोय आपोआप आहे, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. इथल्या मतदारयाद्या हिंदीत, म्हणजे देवनागरीत निघतात. तिथे किबे हे किबेच राहतात, फार तर कुणी कारकून 'कीबे' करतो. वडोदऱ्याला गुजराती लिपीतही हे जमते. बेळगावकडे कानडीत ऱ्हस्व 'ए' आणि दीर्घ 'ए' वेगळे, म्हणून तिथे एकाच आडनावाची दोन रूपे शोधायची तयारी ठेवावी. काम कंटाळवाणे आहे आणि ह्यातून येणारा आकडा 'जगात' असा नसून 'अमुक वर्षी अमुक शहराच्या यादीत, अठरा वर्षांवरचे इतके' असा येईल. तो आकडा कुणी पुढे पाठवणार नाही, हे कबूल. पण तो खरा असेल. अर्थात यादीतली खासगी नावे-पत्ते टिपणात छापू नयेत, संख्या पुरे.

दुर्मीळपणाबद्दलही आपली समजूत जरा तपासायला हवी. आडनाव विरळ आहे म्हणजे ते फार प्राचीन किंवा फार कुलीन आहे असे गृहीत धरतात. तसे काही नाही. १८७३ साली इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन ह्यांनी हाच प्रश्न गणित म्हणून विचारला, की नामांकित घराण्यांची आडनावे का मरतात? वॉटसन नावाच्या पाद्री-गणितज्ञाने त्याचे उत्तर मांडले. सार एवढेच, की आडनाव फक्त मुलग्यांकडून चालत असेल आणि प्रत्येकाला सरासरी एकच मुलगा असेल, तर पुरेशा पिढ्यांनंतर ते नाव संपणारच. त्यात पराक्रम, पाप, शाप ह्यांचा काही संबंध नाही, नुसता योगायोग. चार घरांनी सुरू झालेले नाव चारशे घरांचे होईल किंवा शून्य होईल, हे पहिल्या तीनचार पिढ्यांतल्या मुलग्या-मुलींच्या संख्येवर ठरते.

आपल्याकडे ह्या गणिताला एक खीळ होती, ती दत्तकाची. सरदार-संस्थानिकांत ती जागोजाग दिसते. दुसरे तुकोजीराव होळकर दत्तक, सयाजीराव गायकवाड दत्तक, जयाजीराव शिंदे दत्तक. तिन्ही बहुधा त्याच आडनावाच्या भाऊबंदांतून आलेले. नाव चालू राहिले ते वंश अखंड होता म्हणून नव्हे, तर कायदा आणि रूढी ह्यांनी ते चालू ठेवले म्हणून. म्हणून 'मूळ पुरुषापासून आजपर्यंत अखंड रक्ताची परंपरा' असे टिपणात आले की मी पेन्सिल उचलतो. आणि मुलींचे काय? जुन्या कुलवृत्तांतांत सुनेला एक ओळ मिळते, लेक लग्नानंतर पानावरून नाहीशी होते. दुर्मीळ आडनावाची माणसे मोजताना निम्मी माणसे आपण आधीच दुसऱ्याच्या खात्यात टाकलेली असतात. नवीन कुलवृत्तांतांत हे हळूहळू सुधारते आहे, ही चांगली गोष्ट.

एवढे सगळे एका दोन अक्षरी नावासाठी कशाला, असे वाटेल. त्याचे कारण इंदूरचेच आहे. इथे मराठी घरांतली तिसरी-चौथी पिढी घरात हिंदी बोलते. आजीचे मराठी कळते, बोलता येत नाही, वाचता तर नाहीच. अशा घरात मराठीपणाची शेवटची उरलेली वस्तू म्हणजे आडनाव. त्या मुलाला कधी कुतूहल वाटलेच तर त्याच्या हाती येणार आहे ते असे एक टिपण. दप्तर नव्हे, कुलवृत्तांत नव्हे. त्यात कुबेर आणि आफ्रिका निघाली तर पुढचे दार तिथेच बंद होते. उलट त्यात मंदसौरचा तह निघाला, तर आपण राहतो ते शहर राजधानी कसे झाले हे त्याला स्वतःच्या आडनावातून कळते. शहरभर आडनावे सांडलेली आहेत. किबे कंपाउंड म्हणून पत्ता सांगणाऱ्यांत किती जणांना ते माणसाचे नाव आहे हे माहीत असेल? सरवटे बसस्थानकावर 'सरवटे, सरवटे' अशा हाका दिवसभर चालतात, वि. सी. सरवटे संविधान सभेचे सदस्य होते हे त्या हाका मारणाऱ्याला ठाऊक असायचे कारण नाही, पण आपल्याला असायला हवे.

आणि गंमत बघा, नावांवरून भूगोल काढायची हौस खुद्द सरदार किब्यांनाही होती. रावणाची लंका सिंहलद्वीपात नसून मध्य भारतात, अमरकंटकच्या आसपास होती, असे त्यांचे म्हणणे. ते मला पटत नाही. पण त्यांनी ते विद्वानांच्या नियतकालिकांत मांडले, आधार दिले, आक्षेप अंगावर घेतले; म्हणून आज नव्वद-पंचाण्णव वर्षांनंतरही त्या मताचा प्रतिवाद करता येतो. अमरकंटकची लंका चुकीची असेल, पण ती निनावी नाही.

म्हणून आडनावांची टिपणे बंद करा असे मी म्हणत नाही. अर्थाचा रकाना रिकामा राहू द्या. रिकाम्या रकान्याने कुणाच्या घराण्याला कमीपणा येत नाही. आकडा द्यायचा तर कुठल्या यादीतला, कुठल्या लिपीतला, कुठल्या वर्षाचा ते द्या. मूळ पुरुषाच्या आधी त्याच्या बापाचे नाव शोधा. आणि आपल्या मंडळाच्या नावसूचीत एक दुरुस्ती उद्याच करण्यासारखी आहे. 'ज'च्या पानावर एक ओळ हवी : 'जोग, तात्या – पाहा : किबे, विठ्ठल महादेव'. आणि 'क'च्या पानावर सरदार माधवरावांच्या वर, त्यांच्या आधी, १८१८ ह्या सालासकट ते दुसरे नाव.